लंगडणारे मूल आणि अंगणातले ऊन
(डोंगरकडा येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आपल्या शिवारात उन्हाची वाण नाही. तरी ऊन न मिळाल्याने मुलांची हाडे कच्ची राहतात. ते कसे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

हाड बळकट व्हायला कॅल्शियम लागते. ते दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला यांतून मिळते. पण खाल्लेले कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवे. ते अन्नातून थोडेच मिळते. उघड्या कातडीवर ऊन पडले, की आपले शरीरच ते तयार करते.

‘ड’ फार कमी पडले, की मुडदूस होतो. मनगटे जाड दिसतात. पाय कमानीसारखे वाकतात, नाहीतर गुडघे एकमेकांना घासतात.

नाशिककडे हचिसन आणि शहा यांनी याची पाहणी केली. ती 1922 साली छापली गेली. गरिबांची मुले खाण्यापिण्याला कमी, पण दिवसभर उन्हात. त्यांच्यात मुडदूस फारसा दिसला नाही. खात्यापित्या घरची, पडद्याआड वाढणारी मुले-मुली मात्र आजारी. घरात पैसा होता, ऊन नव्हते!

आता खुब्याकडे वळू. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो. तो खुब्याच्या खोबणीत फिरतो. वाढत्या वयात गोळा आणि दांडा यांच्यामध्ये कोवळा थर असतो. हा थर कच्चा असला, तर गोळा जागचा सरकू शकतो. दहा ते पंधरा वर्षांच्या, विशेषतः अंगाने जड मुलांत असे घडते. ‘ड’ची उणीव हे त्याचे एक कारण असू शकते.

येथेच माणूस फसतो. दुखणे खुब्यात, पण मूल म्हणते, “गुडघा दुखतो.” मग घरचे गुडघा चोळत बसतात. चोळून गोळा जागेवर येत नाही. उशीर झाला तर पाय कायमचा अधू होतो.

म्हणून मूल लंगडू लागले, तर चोळू नका, चालवू नका. उचलून दवाखान्यात न्या. “खुब्याचाही फोटो काढा,” असे डॉक्टरांना सांगा. गोळा सरकला असेल, तर शस्त्रक्रिया करून तो स्क्रूने पक्का करतात.

मुलांना रोज थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात खेळू द्या. वैशाखातले भर दुपारचे ऊन मात्र टाळा. तान्ह्या बाळाला ‘ड’चे थेंब डॉक्टरांना विचारून द्या. मनाने औषध देऊ नका. जादा झाले तर अपाय होतो.

मुलगा असो की मुलगी, ऊन दोघांनाही द्या. त्याला पैसा पडत नाही.