आता या वयात डोक्यात काय शिरणार?



बचत गटाच्या बैठकीत वही पुढे आली की आमच्यातली कुणीतरी म्हणतेच, "आता या वयात डोक्यात काय शिरणार? तूच लिही बाई." मग वही एकीच्याच हातात राहते आणि बाकीच्या आम्ही न वाचता सह्या करतो. पैसा सगळ्यांचा, हिशोब मात्र एकीलाच ठाऊक.

पण आपल्या मुळशीकडेच बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी इथल्या आणि महाराष्ट्रातल्या इतर गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या लाखाच्या वर भरल्या. गाणाऱ्या कितीतरी जणी शाळेची पायरी न चढलेल्या. ओव्या होत्या कुठं? त्यांच्या डोक्यातच.

मग वहीच का जड जाते? डोक्याला मर्यादा आहे, ती सगळ्यांनाच. एका वेळी नव्या तीन-चार गोष्टीच मनात धरता येतात. जास्त कोंबल्या की आधीच्या सांडतात. शिवाय नवं शिकलेलं पुन्हा आठवलं नाही, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच बरंचसं निसटतं. वयानुसार शिकायला वेळ जास्त लागतो, पण शिकणं थांबत नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिथं साठीच्या पुढच्या आज्या पाटीवर अक्षरं गिरवायला बसल्या.

ओव्या टिकल्या, कारण त्या रोज पहाटे म्हटल्या जायच्या. हाताला लय असायची, एक ओळ दुसरीला ओढून आणायची. गिरणी आली, जातं थांबलं, उजळणी सुटली, तशा ओव्याही विसरू लागल्या.

वहीचंही असंच करू या. पहिल्या बैठकीत तीनच रकाने: नाव, बचत, हप्ता. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं बोट ठेवायचं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना न बघता आठवायचं, अडलं तरच वही उघडायची. आठवड्यानं पुन्हा. ते पक्कं झालं की व्याजाचा रकाना.

एक मात्र लक्षात ठेवा. कुणी रोजची वाट चुकू लागली, घरच्यांची नावं विसरू लागली, तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या बैठकीत वही फिरू द्या. सही करण्याआधी प्रत्येकीनं आपली ओळ स्वतः वाचायची. चुकलं तर शेजारची आहेच.