बिग ब्लॅक आणि त्यांचा ड्रमर ‘रोलंड’

बिग ब्लॅक या अमेरिकी बँडच्या रेकॉर्डवर वादकांच्या यादीत ‘रोलंड’ हे एक नाव असे. हा रोलंड म्हणजे त्याच नावाच्या जपानी कंपनीचे टीआर-६०६ ड्रम मशीन.

शिकागोलगतच्या इव्हान्स्टनमध्ये, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पत्रकारिता शिकणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने १९८१ च्या सुमारास हा बँड काढला. बँड म्हणायचे ते नावापुरते, कारण त्यात तो एकटाच होता. मनाजोगते सोबती मिळेनात, तेव्हा बिअरच्या एका खोक्याच्या मोबदल्यात त्याने मित्राचा चार ट्रॅकचा रेकॉर्डर वापरायला घेतला आणि ‘लंग्ज’ ही पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, घरीच ध्वनिमुद्रित केली. ती १९८२ मध्ये निघाली. पुढे शिकागोच्याच नेकेड रेगन या बँडमधले सांतियागो दुरांगो आणि जेफ पेझाटी त्याला येऊन मिळाले. बेस वाजवणाऱ्या पेझाटीची जागा नंतर डेव्ह रायलीने घेतली.

हाडामांसाचा ड्रमर गायकाकडे पाहून ठेका जरा सैल सोडतो, जरा आवळतो. रोलंड कुणासाठी थांबत नसे. त्याच्या निर्विकार ठोक्यांवर दोन गिटार पत्रा कापल्यासारख्या कर्कश वाजत. अल्बिनी धातूच्या पिकने तारा छेडी आणि गिटारचा पट्टा खांद्याऐवजी कमरेला बांधी. पोस्ट-पंक या रॉक शैलीचा कोरडा, तुटक बाज त्याने असा गोंगाटाच्या टोकाला नेला. क्राफ्टवर्क या जर्मन यंत्रसंगीतकारांचे एक गाणेही या बँडने आपल्या पद्धतीने वाजवले आहे.

१९८६ चा ‘अ‍ॅटमायझर’ हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम. त्यातल्या ‘केरोसीन’मध्ये आडगावचा कंटाळा आगीशी खेळू लागतो. अशी गाणी बहुधा दुष्कृत्य करणाऱ्याच्याच तोंडून येतात आणि निषेधाचा शब्द उच्चारत नाहीत. त्यावर आक्षेप घेतले गेले, ते निराधार नव्हते. त्या काळातल्या आपल्या चिथावणीखोर बोलण्या-लिहिण्याबद्दल अल्बिनीने उतारवयात जाहीर खेदही व्यक्त केला.

व्यवहारातही त्यांना मधला माणूस नको होता. मॅनेजर नाही, दौरे ठरवणारा दलाल नाही, ध्वनिमुद्रणाचा खर्च स्वतःचा. टच अँड गो या शिकागोच्या छोट्या कंपनीशी त्यांचा व्यवहार शब्दावर चाले आणि नफा निम्मा-निम्मा वाटला जाई.

दुरांगोने कायद्याच्या शिक्षणासाठी बाहेर पडायचे ठरवले, तेव्हा बँड बंद करण्याचा निर्णय झाला. शेवटचा अल्बम १९८७ मध्ये आला. त्याचे नाव रेडिओवर उच्चारण्याजोगे नाही. त्याच वर्षी ९ ऑगस्टला सिएटलमधल्या एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात त्यांनी अखेरचा कार्यक्रम केला आणि शेवटी वाद्ये फोडली.

अल्बिनी पुढे ध्वनिमुद्रक म्हणून गाजला. पिक्सीज या बँडचा ‘सर्फर रोझा’ आणि निर्वाणा या बँडचा ‘इन युटेरो’ हे अल्बम त्याच्याच हातचे. निर्वाणाला त्याने आधीच लिहून कळवले होते, की नळदुरुस्ती करणाऱ्याला देतात तशी कामाची मजुरी द्या, विक्रीतला वाटा नको. हा नियम त्याने अखेरपर्यंत पाळला. २००६ मध्ये टच अँड गोच्या पंचविसाव्या वाढदिवशी बिग ब्लॅक पुन्हा मंचावर आला, तो चार गाण्यांपुरता. रायली २०१९ मध्ये वारला, अल्बिनी ७ मे २०२४ रोजी.