विजेची यंत्रे आणि रोग्याचा विश्वास



आजचा आमचा विषय विजेच्या डब्यांचा आहे. त्यांना दोन तारा असतात, वर एक काटा फिरतो आणि अमुक रोगाला अमुक कंपनसंख्या असे सांगून रोग बरा करण्याची हमी दिली जाते. दीर्घ दुखण्याला कंटाळलेला माणूस अशा डब्यापाशी का जातो, हे आपणांपैकी पुष्कळांनी आपल्याच घरात पाहिले असेल. म्हणून त्याला हसण्याचा आमचा मुळीच विचार नाही. आम्हांला तपासावयाचा आहे तो डबा.

प्रथम कंपनसंख्या म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा आवर्तने घेतो. ही त्याची कंपनसंख्या. ती मोजता येते, कमीजास्तही करता येते. येथपर्यंत सारे खरे शास्त्र आहे. परंतु कर्करोगाची एक कंपनसंख्या, मधुमेहाची दुसरी, आणि तीच कंपने शरीरात सोडली की रोग नाहीसा होतो, ही पुढची उडी शास्त्राची नव्हे. ती कोणी मारली?

ती मारणाऱ्यांत अग्रभागी होते अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अल्बर्ट एब्रम्स. गृहस्थ चांगले शिकलेले, वैद्यकात नाव मिळविलेले. रोग्याच्या रक्ताचा एक थेंब कागदावर घेऊन ते आपल्या यंत्रात ठेवीत. यंत्राची तार एका निरोगी माणसाच्या कपाळाला लावीत, त्याला मंद उजेडात पश्चिमेकडे तोंड करून उभे करीत आणि त्याच्या पोटावर बोटांनी ठोकून दूरच्या रोग्याचे निदान सांगत. रक्तावरून रोग्याचा धर्मदेखील कळतो, असे त्यांचे म्हणणे! उपचाराचे यंत्र निराळे. ते इतर डॉक्टरांना भाड्याने मिळे. मात्र ते कधीही उघडून पाहणार नाही, असे लिहून द्यावे लागे.

1924 च्या जानेवारीत एब्रम्स वारले. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाने त्यांच्या पद्धतीची चौकशी आधीच हाती घेतली होती. त्या पद्धतीने काम करणाऱ्या एका डॉक्टरपुढे रोगजंतूंच्या सहा कुप्या ठेवण्यात आल्या. सहाही उत्तरे चुकली. डॉक्टर म्हणाले, कुप्यांवरील चिठ्ठ्यांच्या तांबड्या शाईने कंपने बिघडली. चिठ्ठ्या बदलल्या; उत्तरे तरीही चुकलीच.

आता कोणी विचारील, ‘मग इतक्या लोकांना गुण आला तो कसा?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फार जुने आहे. 1796 साली अमेरिकेतील एलिशा पर्किन्स यांनी धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या अंगावरून त्या ओढल्या की आतला विद्युद्रस निघून जातो, असा त्यांचा दावा. 1799 मध्ये इंग्लंडातील बाथ येथे डॉ. जॉन हेगार्थ यांनी लाकडाच्या कांड्या केल्या, धातूसारख्या रंगविल्या आणि संधिवाताच्या पाच रोग्यांवर फिरविल्या. पाचांपैकी चौघांना आराम वाटला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या फिरविल्या, तेव्हाही तेवढाच आराम! रोगी खोटे बोलत नव्हते. वैद्याचा हात लागला, आशा वाटली, दुखणे हलके झाले. शिवाय दुखणे शिगेला पोचले म्हणजे माणूस उपायाला धावतो आणि शिगेला पोचलेले दुखणे पुष्कळदा आपोआपच उतरते. श्रेय मात्र हाती असलेल्या वस्तूला मिळते.

संधिवातात एवढ्यावर भागेलही. परंतु गाठ कर्करोगाची असली तर? एब्रम्स यांचीच परंपरा चालविणाऱ्या रूथ ड्राऊन यांच्यावर अमेरिकेत खटला झाला आणि 1951 मध्ये त्या दोषी ठरल्या. त्या खटल्यात एका बाईची हकीगत पुढे आली. स्तनात गाठ असताना ती या यंत्रावर विसंबून राहिली आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली. यंत्राचा झटका लागला नाही, भाजले नाही. यंत्राने फक्त वेळ खाल्ला. आणि अशा रोगात वेळ हाच रोग्याचा खरा ठेवा असतो.

वीज वैद्यकाची वैरीण नाही. 1958 साली स्वीडनमध्ये हृदयाचे ठोके चालविणारे विजेचे यंत्र प्रथमच रोग्याच्या शरीरात बसविले गेले. आज तशा यंत्रांवर असंख्य लोक जगत आहेत. पण ते यंत्र एकच काम करते, ते कसे करते हे सांगता येते आणि कोणाही तज्ज्ञाला ते तपासता येते.

आपल्याकडे 1954 च्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या कायद्याने कर्करोग, मधुमेह, पक्षाघात अशा रोगांवर हमखास उपायाच्या जाहिराती करण्यास बंदी घातली आहे. पण कायदा प्रत्येक घराच्या दाराशी उभा राहू शकत नाही. तेथे आपणच उभे राहिले पाहिजे. डबा घेऊन कोणी आला तर एवढेच विचारावे: हा उघडून दाखवाल काय? हा किती रोगांवर चालतो? आणि वीज बंद ठेवून, रोग्याला न सांगता लावला, तर गुण येतो की नाही, हे कोणी पाहिले आहे काय? आणि घरातल्या रोग्याला मात्र रागावू नये. त्याचा हात धरून त्याला वेळेवर डॉक्टरकडे न्यावे. लाकडी कांडीलाही जो आराम देता आला, तो आपल्या मायेला खास देता येईल. रोगावरचा इलाज मात्र इलाजाच्याच जागी शोधावा लागेल.