‘फायदा झाला’ म्हणजे काय?



एखादा संस्कारवर्ग किंवा शिबिर संपले, की चालक मुलांच्या हाती प्रश्नावली देतात. ‘आपणांस लाभ झाला काय?’ बहुतेक जण ‘होय’ लिहितात, आणि तो होकार पुढच्या अहवालात यश म्हणून छापला जातो. या ‘होय’ची किंमत किती, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

अमेरिकेत बोस्टनजवळ केंब्रिज आणि सोमरव्हिल ही दोन गावे आहेत. तेथे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांच्या प्रेरणेने 1939 साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. हेतू असा, की मुले वाममार्गाला लागू नयेत. सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि कोणाला मदत द्यायची हे नाणे उडवून ठरवले. 253 मुलांना मदत मिळाली, 253 मुलांना मिळाली नाही. समुपदेशक घरी जात. अभ्यासात शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरे, सारे काही झाले. 1945 साली काम थांबले.

सुमारे तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या विदुषीने ती मुले, म्हणजे आता प्रौढ झालेले पुरुष, शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरे पाठवली, त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश म्हणाले, ‘उपयोग झाला’. काहींनी तर कृतज्ञतेने आठवणी लिहिल्या. येथे थांबलो असतो, तर टाळ्या वाजवून घरी गेलो असतो.

पण मॅकॉर्डबाईंनी न्यायालयांचे, रुग्णालयांचे आणि मृत्यूचे दप्तरही तपासले. गुन्ह्यांच्या बाबतीत मदत मिळालेला गट दुसऱ्याहून सरस ठरला नाही. पुन्हा पुन्हा गुन्हा करणे, दारूच्या व्यसनाची लक्षणे अशा काही बाबतींत तर तो मागेच पडला. 1978 साली हे प्रसिद्ध झाले.

मग ती माणसे खोटे बोलली काय? मुळीच नाही. त्यांना माया मिळाली होती, ती त्यांनी सांगितली. पण ‘ही मदत नसती तर मी कसा झालो असतो’, हे कोण सांगणार? माणूस एकच आयुष्य जगतो. दुसरे त्याला दिसत नाही. ते दिसते दुसऱ्या गटात. आणि जो वर्ग सोडून गेला, त्याच्या हाती तर शेवटच्या दिवशी आपली प्रश्नावली पडतच नाही!

आपल्याकडे मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ संस्थेने 2005 पासून ‘असर’ ही पाहणी चालवली. तिचे कार्यकर्ते ‘मुलाला वाचता येते का?’ असे आईबापांना विचारून थांबत नाहीत. ते घरी जाऊन मुलाच्या हाती मजकूर देतात आणि ‘वाच’ म्हणतात. एखाद्या उपक्रमाचा परिणाम एवढ्याने सिद्ध होत नाही, हे खरे. पण मत आणि माप यांतला फरक येथे शिकता येतो.

तेव्हा प्रश्नावली फेकून द्या, असे मी म्हणत नाही. शिक्षकाचे बोलणे कळले का, वेळ सोयीची होती का, हे मुलांनाच विचारावे. पण परिणाम पाहायचा असेल, तर आरंभी आणि अखेरीस तेच काम करवून घ्यावे. जागा कमी असतील तेव्हा चिठ्ठ्या टाकाव्या, आणि ज्यांचा क्रमांक लागला नाही त्यांचीही चौकशी ठेवावी. सोडून गेलेल्यांच्या घरी जावे.

हे कोणाच्या सद्हेतूवर शंका घेणे नव्हे. कॅबट यांचा हेतू निर्मळच होता. पण भोगायचे होते ते मुलांना. ज्यांच्या आयुष्याला आपण हात लावतो, त्यांच्या आभारावर समाधान मानून चालत नाही.

 व्याख्यान आवडले का, हे मात्र मी विचारणार नाही!