खाणीच्या चुऱ्याची काच होईल काय?
(शिक्षक संमेलनातील भाषण)



काही वर्षांपूर्वी चिरेखाणीजवळच्या एका शाळेत चौथीच्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, वाळूची काच होते, मग आमच्या खाणीतल्या चुऱ्याची का होत नाही?" त्याचे वडील त्याच खाणीत कामाला होते. धडा पुरा करण्याच्या घाईत मी "होत नाही, खाली बस," एवढेच म्हणालो. त्या मुलाने पुढे कधी प्रश्न विचारला नाही. त्याला द्यावयाचे राहिलेले उत्तर आज आपणांपुढे मांडतो.

नेहमीच्या काचेत शेकडा सुमारे ७० भाग सिलिका असते. ती एकटी वितळावयास सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. सोडा मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी तापमानावर वितळते. परंतु अशी काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनखडीही घालावी लागते. आपल्या जांभ्यात लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे विपुल असतात. काचेस हिरवट छटा येण्यास तर शेकडा एका भागाहूनही कमी लोह पुरते. म्हणून जांभ्याच्या चुऱ्याची स्वच्छ काच होत नाही.

काळ्या दगडाची खडी फोडताना उरणाऱ्या भुकटीची गोष्ट निराळी. हा दगड वितळवून थंड केल्यास काळसर काच होते, व त्याच्या रसाचे बारीक तंतूही काढता येतात. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळू निघते. ती धुताना उरणाऱ्या गाळातही सिलिका असते. मात्र त्यातील माती व लोह काढल्यावाचून स्वच्छ काचेसाठी तो निरुपयोगीच. तात्पर्य, टाकाऊ वस्तूचा उपयोग तिच्यात काय आहे हे पारखल्यावरच ठरतो.

ही पारख वर्गातही दाखविता येईल. समुद्रकाठची काळसर वाळू कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवावा. जे काळे कण हलतील ते लोहयुक्त. स्वच्छ काच करणाऱ्यास तेच नकोसे असतात. मात्र मुलांना दगड कुटावयास अथवा कोरडी भुकटी उडवावयास कदापि लावू नये. सिलिकेची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने सिलिकोसिस हा दुर्धर रोग जडतो. खाणीत राबणाऱ्या पालकांनाही हे मुलांमार्फत कळावे.

तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशावर. आपल्या वर्गातील मुलाचा प्रश्न हाही तसाच एक पैसा होय. तो क्षुल्लक म्हणून परत करू नये, एवढीच माझी विनंती आहे.