पाना कुणाच्या हातात, कुणाच्या मर्जीनं?

(पुण्यातल्या वस्तीतील तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीतला कामगार. तुमच्या चाकणला बनलेल्या नव्याकोऱ्या मोटारी आमच्या बंदरात येतात, जहाजाच्या पोटात शिरतात आणि परदेशी जातात. त्या बोनेटखाली काय असतं, ते आम्हा ओझी उचलणाऱ्यांना कुणी शिकवलं नाही. म्हणून आज मोटार-दुरुस्तीच्या शिक्षणावर बोलायला आलोय.

नाना पेठेत जा. स्पेअर पार्टची दुकानं, आजूबाजूला गॅरेजं. तिथं आपली पोरं ऑइलात कोपरापर्यंत बुडालेली. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतात. पण कागद नाही. कागद नाही म्हणून कंपनीच्या वर्कशॉपात पाय ठेवता येत नाही. त्यात एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ आलं. बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बुरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर बिघडला तर नुसत्या कानाला कळत नाही. स्कॅनर लावावा लागतो, मल्टिमीटरवरचा आकडा वाचावा लागतो. म्हणजे आता हाताला डोकं लागतं आणि डोक्याला शाळा लागते.

शाळेत हे शिकता येतं. अकरावी-बारावीला बायफोकलमध्ये बोर्डानं स्कूटर-मोटरसायकल सर्व्हिसिंग हा २०० मार्कांचा विषय ठेवला. दहावीनंतर आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. औंधचं सरकारी आयटीआय तर तुमच्या दारात आहे. चांगली गोष्ट आहे. शिकाच.

पण एक विचारा, तिकडं कुणाला पाठवतात? आमच्या शाळेत मास्तर वस्तीतल्या पोरांना म्हणायचे, ‘तुम्हाला गणित काय करायचंय? हातकाम शिका.’ बाकीच्यांना असं कधी म्हणाले नाहीत. पाना तोच. एकाला तो निवडीनं मिळतो, दुसऱ्याला जातीनं.

हा कावा जुना आहे. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं. आपला माणूस गँगमन म्हणून खडी फोडणार, पण वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून त्याला घेणार नाहीत. तिथं यंत्राला हात लावू दिला नाही. उलट १९५३ ला मद्रासेत राजगोपालाचारींनी योजना काढली, पोरांनी अर्धा वेळ शाळा करायची आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि लोक पेटून उठले. १९५४ ला ती गाडावी लागली. एकीकडं कामाची बंदी, दुसरीकडं कामाची सक्ती. दोन्हीचा अर्थ एकच. आपल्या पोरानं काय व्हायचं, ते दुसरा ठरवणार!

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभारांकडं शिकायला पाठवा म्हटलंय. ठीक आहे. पण बंगल्यातल्या पोराची ती दहा दिवसांची सहल होईल. आपल्या पोराचा जन्म त्यातच जाऊ नये.

म्हणून प्रवेश घेताना तीन प्रश्न विचारा. वर्कशॉपात खरं इंजिन खोलायला मिळतं, की भिंतीवरचा तक्ता दाखवतात? शिकवणारा माणूस आहे, की जागा रिकामी आहे? आणि पुढची वाट कुठली? दोन वर्षांच्या आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यानं शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं. ती कुणाची मेहरबानी नाही, तो हक्क आहे. आणि बहिणींनो, वर्कशॉपच्या दारावर ‘फक्त मुलांसाठी’ असं कुठं लिहिलेलं नाही. तुम्हीही शिरा.

पाना हातात घ्यायची लाज नाही. लाज त्यांना वाटावी, जे आपल्या हातात पाना देतात आणि पुस्तक काढून घेतात. आपल्याला दोन्ही पाहिजेत. इंजिन दुरुस्त करणारा आपला पाहिजे आणि उद्या इंजिनाचा नकाशा काढणाराही आपलाच पाहिजे.

जय भीम!