कूलर लावा, पण खिडकी उघडा

रौप्यमहोत्सवात कूलरवर काय बोलायचं, असं आमची सौ. म्हणाली. पण गेल्या मे महिन्यात भर कूलरसमोर तिलाच घेरी आली. धूळ नको म्हणून दारं-खिडक्या मीच गच्च लावल्या होत्या. बँकेत तिजोरी लावायची सवय, दुसरं काय!

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. आपल्या जळगावची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून तो इथे चालतो. पण ती दमट झालेली हवा बाहेर गेली नाही, तर घाम वाळत नाही, जीव घाबरतो. एसीला खोली बंद हवी, कूलरला उघडी.

मोठ्या शहरांत काही कचेऱ्यांत फरशीखालून गार हवा सोडतात. छतातून सोडायची तर ती साधारण १३ अंशांची चालते. पायाशी मात्र १७-१८ ठेवावी लागते, नाहीतर पाय गारठतात. तापलेली हवा वर चढते, छताजवळून ती ओढून घेतात. धुळ्याकडच्या आमच्या धाब्याच्या घरात त्यासाठी वर झरोका होता.

आपण मात्र व्हेंटिलेटरला पत्रे ठोकलेत. उन्हाळ्याआधी कमिटीने ते काढावेत. माझा मी काढलाय. चिमण्या येतात, हे खरं.